डिक्कीतला घुमारा: ८०८ची कुळकथा

अमेरिकी हिप-हॉपमधल्या पूर्व-पश्चिम वैराचा विषय निघाला की बोलणं लगेच दोन खुनांवर येतं. रॅपर टुपाक शकूर १९९६च्या सप्टेंबरात लास व्हेगासमध्ये गेला, नोटोरियस बी.आय.जी. १९९७च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमध्ये. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस. त्या दोन मृत्यूंनी सगळा इतिहास असा काही झाकून टाकला, की प्रदेशाप्रदेशांतला फरक म्हणजे टोळीयुद्ध असंच लोक समजू लागले. खरं तर ती दोन माणसं वयात येण्याआधीपासून न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस, मायामी, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स या शहरांचे कान वेगवेगळे होते. एका शहराने डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या शहरात धूळ खात पडे. हे कान वेगळे का झाले, याची कारणं अनेक सांगतात: वंश, वर्ग, चर्च, हवामान, बोलीभाषा. मला त्यांतलं सर्वांत कमी बोललं गेलेलं कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गाणं कुठे बसून ऐकलं जात होतं? आगगाडीत, की स्वतःच्या मोटारीत? आणि या प्रश्नाचं उत्तर एका जपानी यंत्राच्या कुळकथेत जितकं स्वच्छ सापडतं तितकं कुठल्याच गायकाच्या चरित्रात सापडत नाही.

ते यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-८०८. जगभर त्याला नुसतं ‘एट-ओ-एट’ म्हणतात.

इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात रोलँड काढली. १९८० साली ८०८ बाजारात आलं, तेव्हा त्याचा उद्देश साधा होता: ज्या वादकाकडे ड्रमर नाही त्याला साथीला ताल मिळावा. त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने भरलेले होते आणि किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ची किंमत १,१९५ डॉलर. या किमतीत खरे आवाज साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून रोलँडच्या अभियंत्यांनी प्रत्येक आवाज विजेच्या मंडलातून नव्याने घडवला. टाळी टाळीसारखी नव्हती, झांज झांजेसारखी नव्हती, काउबेल तर कुठल्याच गाईच्या गळ्यात बांधता आली नसती. व्यावसायिक संगीतकारांनी नाक मुरडलं. सुमारे १२,००० यंत्रं बनली आणि १९८३ साली उत्पादन बंद झालं. काकेहाशींनी पुढे सांगितलं, की त्या आवाजातली खास सळसळ सदोष म्हणून नाकारलेल्या ट्रान्झिस्टरांमुळे येत होती. सेमीकंडक्टरचे कारखाने सुधारले, तसले सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि यंत्र बनवणंच थांबलं.

यंत्राच्या खालच्या कडेला सोळा बटणं आहेत, चार-चारच्या गटांत: लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. एक मात्रा चार भागांत, चार मात्रांचं एक आवर्तन. ज्या बटणावर दिवा लागेल तिथे ठोका पडतो. ज्याला नोटेशनचा न सुद्धा ठाऊक नाही अशा पोरालाही पंधरा मिनिटांत ताल बसवता यावा, अशी ही रचना. पण आपल्या कथेचा नायक वरच्या बाजूला आहे. बेस ड्रमच्या रकान्यात तीन नॉब आहेत: आवाजाची पातळी, टोन आणि डिके. हा तिसरा नॉब महत्त्वाचा. तो डावीकडे असला की ठोका लहान आणि कोरडा पडतो. उजवीकडे फिरवत नेला की ठोका लांबत जातो, डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढावा तसा, आणि पन्नास हर्ट्झच्या आसपासची एक खोल लहर मागे रेंगाळत राहते. खरा बेस ड्रम असा वाजत नाही. यंत्राचा हा दोषच होता. पुढची चाळीस वर्षं अमेरिकेतली शहरं आपापल्या परीने हा नॉब फिरवत राहिली, आणि कुणी तो किती फिरवला यावरून तुम्ही गाणं कुठलं ते ओळखू शकता.

हिप-हॉप मात्र या यंत्राहून जुनं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तो दिवस त्याचा वाढदिवस मानतात. हर्क जमैकात जन्मलेला. उघड्यावर मोठमोठे स्पीकर रचून नाच घालायचा ही जमैकाची पद्धत त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने तबकडीतला नुसता ड्रमचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तो दोन प्रतींवर आलटून पालटून लांबवला. म्हणजे न्यू यॉर्कच्या हिप-हॉपचा पाया म्हणजे जिवंत ड्रमरने वाजवलेला, तबकडीवर धरून ठेवलेला ताल. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण न्यू यॉर्कचा कान दीर्घकाळ त्या तबकडीच्या खरखरीशी एकनिष्ठ राहिला.

८०८ला हिप-हॉपमध्ये आणलं ते मात्र न्यू यॉर्कनेच. १९८२ साली ब्राँक्सचा डीजे आफ्रिका बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर ‘प्लॅनेट रॉक’ करायला बसले. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या सुरावटीवर गाणं उभं करायचं होतं. यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. बेकर सांगतो, की ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात एक जाहिरात होती: ड्रम मशीनसह माणूस, एका सत्राचे वीस डॉलर. तो माणूस आला, त्यांनी सांगितले तसे ताल त्याने बसवून दिले. जर्मन सुरावट, जपानी यंत्र, ब्राँक्सचे आवाज. गाणं आलं आणि अमेरिकाभरच्या पोरांनी पहिल्यांदा तो खोल ठोका ऐकला.

इथे मुंबईची एक नोंद करायलाच हवी. त्याच १९८२ साली, ‘प्लॅनेट रॉक’शी काडीचाही संबंध नसताना, चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकाने मुंबईत ८०८ आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरवपासून सुरुवात करून एकेक राग त्या सोळा बटणांवर चालवला. तेव्हा ती कुणी विकत घेतली नाही. २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर मात्र जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले चकित झाले. आपल्याकडे या माणसाचं नाव आजही फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

न्यू यॉर्ककडे परत येऊ. काही वर्षं तिथे ८०८ जोरात होतं. निर्माता रिक रुबिनने टी ला रॉकच्या ‘इट्स युअर्स’मध्ये (१९८४) ते वापरलं, बीस्टी बॉइजच्या ‘पॉल रिव्हीअर’मध्ये (१९८६) तर ठोका उलटा फिरवून. पण १९८७ साली ई-मू कंपनीचं एसपी-१२०० आलं आणि शहराचं मन फिरलं. या यंत्रात कुठलाही आवाज उचलून भरता येई, फक्त जागा सुमारे दहा सेकंदांची. निर्मात्यांनी युक्ती काढली: ३३च्या वेगाची तबकडी ४५वर वाजवून भरायची, म्हणजे जागा कमी लागते, मग यंत्रात तिचा वेग उतरवायचा. त्या उतरवण्यात आवाज किरकिरा, जाडसर, धुळकट व्हायचा. हीच धूळ न्यू यॉर्कची ओळख बनली. ‘बूम-बॅप’ म्हणतात तो ताल हा: कोरडा बेस, चाबकासारखा स्नेअर, मध्ये भरपूर मोकळी जागा. ती जागा शब्दांसाठी होती. आगगाडीत वॉकमन लावून उभ्या असलेल्या माणसाला शब्द हवे असतात: यमकातलं यमक, कोटी, शेजारच्या मोहल्ल्याला मारलेला टोमणा. न्यू यॉर्कमधल्या निम्म्याहून अधिक घरांत आजही गाडी नाही. हेडफोनच्या बोटभर पडद्यातून पन्नास हर्ट्झची लहर धड उमटतही नव्हती, मग तिच्यासाठी कोण जीव टाकणार?

भांडणं न्यू यॉर्कला नवी नव्हती, आणि ती आधी शहरातल्या शहरात झाली. क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या एमसी शॅनने मार्ली मार्लच्या तालावर ‘द ब्रिज’मध्ये आपल्या वस्तीची कहाणी सांगितली. साउथ ब्राँक्सच्या केआरएस-वनने त्याचा अर्थ घेतला, की हा हिप-हॉपचं जन्मस्थान पळवतोय. १९८६-८७मध्ये उत्तर-प्रत्युत्तरांच्या तबकड्या निघाल्या. शॅनचं म्हणणं होतं, की मी फक्त आमच्या वस्तीबद्दल बोललो. पण जन्मस्थानाचा मान कुणाचा, हा प्रश्न एकदा पेटला की कोण ऐकतो? दोन मोहल्ल्यांत जे झालं, तेच पुढे दोन किनाऱ्यांत झालं, फक्त मधलं अंतर साडेचार हजार किलोमीटरांचं होतं.

लॉस एंजेलिसला ८०८ ‘प्लॅनेट रॉक’मधूनच कळलं. तिथे अंकल जॅम्स आर्मी नावाचा डीजेंचा ताफा मोठाल्या सभागृहांत हजारोंच्या नाचपार्ट्या करत असे. त्यांतल्या ग्रेग ब्रूसार्ड ऊर्फ इजिप्शियन लव्हरने यंत्र विकत घेतलं आणि १९८४ साली ‘इजिप्ट, इजिप्ट’ केलं. चमचमीत, वेगवान, नाचाचं संगीत. डॉ. ड्रे तेव्हा वर्ल्ड क्लास रेकिन क्रूमध्ये चकचकीत कपडे घालून याच धाटणीची गाणी करत होता. चार वर्षांनी त्याच्या पुढच्या गटाचा, एनडब्ल्यूएचा, ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा अल्बम आला आणि चमचमाट गेला. १९९२च्या डिसेंबरात ड्रेचा स्वतःचा ‘द क्रॉनिक’ आला आणि वेगही उतरला. ड्रेने उघड सांगितलं आहे, की तो गाणी क्लबसाठी नाही, गाडीत वाजवण्यासाठी बनवतो, कारण माणूस सर्वांत जास्त गाणी गाडीतच ऐकतो. जॉर्ज क्लिंटनच्या फंकचा लचकणारा बेस, वर शिट्टीसारखा तार सूर, आणि रस्त्यावर रांगत जाणाऱ्या लोरायडर गाडीच्या चालीला जुळणारी लय. हे जी-फंक न्यू यॉर्कच्या पुष्कळ जाणकारांना गुळचट वाटलं, आणि ते जेव्हा देशभर खपायला लागलं तेव्हा डाचू लागलं. ब्राँक्सच्या टिम डॉगने तर १९९१ सालीच लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनला, म्हणजे एनडब्ल्यूएच्या गावाला, शिवी देणारं गाणं काढलं होतं.

पण ज्या शहराने तो तिसरा नॉब शेवटपर्यंत उजवीकडे फिरवला, ते शहर मायामी. तिथे कॅरिबियन वस्ती दाट, म्हणजे हर्कच्या बालपणीचे स्पीकरांचे डोंगर इथे आधीच होते. उद्यानांत, समुद्रकाठी, स्केटिंगच्या हॉलमध्ये डीजे मंडळी एकमेकांसमोर स्पीकर लावून कुणाचा दणका मोठा याची चढाओढ करत. ‘प्लॅनेट रॉक’ न्यू यॉर्कमध्ये जुनं झालं, मायामीत ते कधीच जुनं झालं नाही. १९८५ साली एमसी ए.डी.ई.चं ‘बेस रॉक एक्स्प्रेस’ निघालं आणि मायामी बेस ही शैली आकाराला आली: चाल भरधाव, शब्द मोजके, ठोका पोटात शिरणारा. टू लाइव्ह क्रू हा गट मूळचा कॅलिफोर्नियाचा. त्यांची तबकडी घरी खपली नाही, मायामीत खपली, म्हणून ते तिकडे गेले आणि ल्यूथर कॅम्पबेलबरोबर १९८६ साली ‘थ्रो द डी’ केलं. एखाद्या गटाला आपला श्रोता दुसऱ्या टोकाच्या शहरात सापडावा, यापेक्षा आवडीच्या भूगोलाचा मोठा पुरावा कोणता?

त्यांची गाणी अश्लील होती, यात शंका नाही. १९९० साली एका संघीय न्यायाधीशाने त्यांचा ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ हा अल्बम कायद्याने अश्लील ठरवला, तो विकणाऱ्या फोर्ट लॉडरडेलच्या एका दुकानदाराला अटक झाली, गटातल्यांनाही कार्यक्रमानंतर पकडलं. ज्यूरीने गटाला निर्दोष सोडलं आणि १९९२ साली वरच्या न्यायालयाने अश्लीलतेचा निकाल उलटवला. याच गटाच्या एका विडंबनावरून झालेला दुसरा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९४ साली न्यायालयाने म्हटलं, की पैशासाठी केलेलं विडंबनही कॉपीराइट कायद्यातल्या रास्त वापरात बसू शकतं. अमेरिकेतला प्रत्येक विडंबनकार आज त्या निकालाच्या आडोशाने काम करतो. न्यू यॉर्कचे समीक्षक या संगीताला बुद्धी नसलेलं म्हणत. मला वाटतं ते चुकीच्या अवयवाने ऐकत होते. हे संगीत छातीने ऐकायचं होतं.

आता डिक्कीकडे येऊ. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. ती हवेत उठवायची तर मोठा पडदा आणि भरपूर हवा हलवावी लागते. खांद्यावरच्या बूमबॉक्सला ते जमत नाही. पण मोठा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, डिक्कीत बसवला आणि काचा वर केल्या तर गणित पालटतं. गाडीची बंदिस्त जागा त्या लहरीहून लहान असते, त्यामुळे लहर पसरण्याऐवजी आतला दाब वर-खाली होत राहतो आणि खालचे सूर फुगतात. सीट थरथरते, आरसा हलतो, नंबरप्लेट खडखडते. पंधरा इंची दोन वूफर असलेली जुनी कॅडिलॅक ही ८०८साठी जगातली सर्वोत्तम मैफल आहे. मायामीचे लोक या आवाजासाठीच तबकड्या घेऊ लागले. गाडीचा स्टिरिओ किती पेलतो हे तपासण्यासाठी खास बेसचे अल्बम निघाले. रस्त्यावर गाडीतला आवाज किती दूर ऐकू आला तर दंड, असे नियम करायची वेळ फ्लोरिडावर आली.

डिक्कीचं दुसरं काम दुकानाचं. मोठ्या कंपन्या न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये. दक्षिणेच्या रॅपरला त्यांचं दार उघडत नव्हतं, आणि पश्चिमेतही सर्वांना उघडत नव्हतं. ओकलंडच्या टू शॉर्टने कॅसेटी गाडीच्या डिक्कीतून विकून नाव कमावलं. ह्यूस्टनची रॅप-अ-लॉट ही कंपनी १९८६ साली काढणारा जेम्स प्रिन्स हा जुन्या गाड्यांचा व्यापारी. मेम्फिसच्या डीजेंच्या कॅसेटी कार-स्टिरिओ बसवून देणाऱ्या दुकानांत मिळत. वाजवायची जागा, विकायची जागा आणि गिऱ्हाईक, तिन्ही गाडीपाशी एकत्र आली, तेव्हा गाणंही गाडीच्याच मापाने बेतलं जाऊ लागलं.

याची सर्वांत सुंदर तऱ्हा ह्यूस्टनमध्ये पाहायला मिळते. हे शहर अफाट पसरलेलं, उष्ण, दमट. घरापासून कुठेही जायचं तर लांबलचक रस्ता. रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनिअर हा टेक्सासमधल्या स्मिथव्हिल गावचा मुलगा, लोक त्याला डीजे स्क्रू म्हणत. नव्वदीच्या सुरुवातीपासून तो घरात कॅसेटी बनवू लागला. पद्धत अशी: एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, दुसरी पहिलीच्या एक ठोका मागे. क्रॉसफेडर इकडून तिकडे झटकला की ओळीतला शेवटचा शब्द पुन्हा येतो, ठोका दोनदा पडतो. ते सगळं टेपवर घ्यायचं आणि टेपचा वेग खाली आणायचा. आवाज खर्जात उतरतो, शब्द लांबतात, बेस ड्रमचा तळ आणखी खाली जातो. गिऱ्हाइकं आपल्या पसंतीची यादी देत, वाढदिवस असला तर मित्रांची नावं कॅसेटीत घ्यायला सांगत. संध्याकाळी त्याच्या घरापुढे गाड्यांची रांग लागे. ‘स्लॅब’ म्हणतात त्या गाड्या, साखरेच्या गोळीसारख्या चकाकणाऱ्या रंगाच्या, चाकांतून बाहेर आलेल्या तारांच्या रिमच्या, मुद्दाम संथ चालवलेल्या. संथ गाडीला संथ गाणं. कोडीनच्या औषधाची नशा या संगीताशी जोडली गेली आणि तिनेच १६ नोव्हेंबर २००० रोजी डीजे स्क्रूला नेलं. तो २९ वर्षांचा होता. पण या संगीताला नुसतं नशेचं फळ म्हणणं हा त्याच्या कानावर अन्याय आहे. त्याला शब्द नीट ऐकू यायला हवे होते, आणि त्याने घाईत असलेल्या देशाला ते सावकाश ऐकवले.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट आणखी वेगळी. क्वीन्समधल्या शोबॉइज या दुकलीने १९८६ साली ‘ड्रॅग रॅप’ नावाची तबकडी काढली. न्यू यॉर्कने ती बाजूला टाकली. न्यू ऑर्लिन्स आणि मेम्फिसच्या डीजेंनी मात्र तिचे तुकडे उचलले. १९९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये बाउन्स ही शैली जन्मली, ती या तबकडीच्या तालावर. तिच्यातले घंटीसारखे स्वर आणि ८०८चे ठोके त्या शहराच्या शेकडो गाण्यांत आहेत. बनवणाऱ्यांना आपलं गाणं दूर दक्षिणेत असं जगतं आहे याचा पत्ता कितीतरी उशिरा लागला.

आता ३ ऑगस्ट १९९५ची रात्र. न्यू यॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पॅरामाउंट थिएटरात ‘द सोर्स’ मासिकाचे पुरस्कार. आदल्या नोव्हेंबरात मॅनहॅटनच्या एका स्टुडिओत टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, वातावरण तापलेलं. लॉस एंजेलिसच्या डेथ रो कंपनीच्या शुग नाइटने व्यासपीठावरून न्यू यॉर्कच्या बॅड बॉय कंपनीला डिवचलं, त्याच कंपनीचा रॅपर स्नूप डॉगने सभागृहालाच जाब विचारला. दोन किनाऱ्यांच्या या कोलाहलात नव्या गटाचा पुरस्कार अटलांटाच्या आउटकास्टला मिळाला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आंद्रे नावाचा वीस वर्षांचा मुलगा माइकपाशी गेला आणि म्हणाला, की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. एवढंच. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या लांबलचक नावातच कॅडिलॅक होती. त्या रात्री कॅमेरे शुग नाइटवर होते. पुढच्या तीस वर्षांचा धनी मात्र तो मुलगा ठरला. तीन वर्षांनी त्याच मासिकाने आउटकास्टच्या ‘अक्वेमिनाय’ला पाचपैकी पाच माइक दिले.

त्या वैरातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही, की आवडीच्या सीमा माणसांनी केव्हाच ओलांडल्या होत्या. पश्चिमेचा झेंडा घेतलेला टुपाक जन्माने न्यू यॉर्कचा. आणि ब्रुकलिनच्या बी.आय.जी.च्या ‘बिग पॉपा’त कॅलिफोर्नियाचा तो शिट्टीसारखा तार सूर स्पष्ट ऐकू येतो. कान एकमेकांकडून शिकत होते. मासिकांनी आणि कंपन्यांनी वैर विकलं, बंदुका तर होत्याच. दोन मुलं गेली.

त्यानंतर तराजू दक्षिणेकडे झुकला. न्यू ऑर्लिन्सच्या कॅश मनीने १९९८ साली युनिव्हर्सलशी तीन कोटी डॉलरचा करार केला, आणि त्यांचा निर्माता मॅनी फ्रेश तर ८०८वरच वाढलेला. मेम्फिसच्या थ्री सिक्स माफियाला २००६ साली ऑस्कर मिळालं. अटलांटात टी.आय.ने २००३ साली ‘ट्रॅप म्युझिक’ काढून एका शैलीला नाव दिलं. ट्रॅप म्हणजे जिथून अमली पदार्थ विकले जातात ते घर. याच सुमाराला यंत्राचं रूप बदललं. मूळ ८०८ आता महागड्या पुराणवस्तू झालेल्या. पोरांकडे होता संगणक आणि त्यावर फ्रूटी लूप्स, एका बेल्जियन कंपनीचं सॉफ्टवेअर. बेस ड्रमचा ठोका नमुना म्हणून भरायचा, आणि मग त्याला सुरांच्या पट्ट्यांवर वाजवायचं. षड्जावर एक, पंचमावर एक. ड्रम होता तो आता बेस गिटारही झाला. ताल आणि सूर एकाच आवाजात आले. २०१० साली व्हर्जिनियाच्या लेक्स लुगरने वॉका फ्लॉका फ्लेम आणि रिक रॉससाठी असे ताल केले, आणि पाच वर्षांत पॉपगाण्यांतही तेच ऐकू येऊ लागलं.

न्यू यॉर्कला हे सहजी पचलं नाही. २००६च्या डिसेंबरात क्वीन्सब्रिजच्या रॅपर नासने ‘हिप हॉप इज डेड’ हा अल्बम काढला. नास मला फार प्रिय आहे आणि शब्दांच्या ऱ्हासाची त्याची कळकळ खरी होती. पण दक्षिणेच्या गायकांनी ते नाव आपल्यावरचा वार मानला, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मेला होता तो एका शहराचा अधिकार. हिप-हॉप डिक्कीत व्यवस्थित जिवंत होतं.

शेवटचं वळण मात्र मी कल्पनेतही योजलं नसतं. अटलांटाचा ट्रॅप शिकागोला गेला, तिथल्या मुलांनी तो थंड आणि क्रूर करून २०१२च्या आसपास ड्रिल केला. शिकागोचं ड्रिल लंडनला पोचलं. लंडनच्या निर्मात्यांनी ८०८चा बेस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत न्यायला सुरुवात केली, सतारीच्या मींडेसारखा. आणि २०१९ साली ब्रुकलिनच्या कनार्सी भागातला पॉप स्मोक पूर्व लंडनच्या एका निर्मात्याच्या तालावर गाऊन रातोरात न्यू यॉर्कचा आवाज झाला. त्या निर्मात्याचं नाव ८०८मेलो. सदतीस वर्षांपूर्वी वीस डॉलरवर भाड्याने आणलेला ठोका मायामी, मेम्फिस, अटलांटा, शिकागो, लंडन असा फिरून न्यू यॉर्कला परत आला होता. पॉप स्मोकला २०२०च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये गोळी घालण्यात आली. वीस वर्षांचा होता.

आज तुमच्या घरातली मुलं मोबाइलवर गाड्या घसरवण्याच्या रील पाहतात, त्यांमागे जी काउबेल टणटणते ती ८०८ची आहे. मेम्फिसच्या कॅसेटींवरून रशियातल्या तरुणांनी उचललेली. पण मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून त्याबद्दल मत बनवू नका. त्या स्पीकरमधून पन्नास हर्ट्झ बाहेरच पडत नाही, म्हणजे गाण्याचा अर्धा जीव तुमच्यापर्यंत येतच नाही. चांगला वूफर असलेली एखादी गाडी मिळवा, काचा बंद करा, आणि या क्रमाने ऐका: ‘प्लॅनेट रॉक’, ‘बेस रॉक एक्स्प्रेस’, डीजे स्क्रूची कुठलीही एक कॅसेट, आउटकास्टचा ‘अक्वेमिनाय’, आणि मग पॉप स्मोक. नासचा ‘इल्मॅटिक’ मात्र हेडफोन लावून, गर्दीच्या लोकलमध्ये ऐका.